भाऊ चष्मा पुसतात तेव्हा

डोंबिवलीतल्या त्या पतपेढीत सोन्याचा लिलाव असला की पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात शिऱ्याच्या बशा फिरायच्या. सराफ मंडळी लांबून येतात, त्यांचं तोंड गोड करावं, ही शाखाधिकारी मुकुल साहेबांनी पाडलेली प्रथा. ज्यांचे दागिने विकले जायचे त्यांना मात्र कुणी पाणीही विचारत नसे. ती माणसं यायचीच कमी, आणि आली तरी अगदी मागच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसायची.

लिलाव पुकारायचं काम दिवाळीपासून मृणालकडे आलं होतं. काम सोपं होतं. कर्ज थकलं, नोटिसा गेल्या, मुदत संपली, की तारण ठेवलेला डाग लिलावात. डाग म्हणजे दागिना. सराफांच्या आणि पतपेढीवाल्यांच्या तोंडी दुसरा शब्द नाही. तो डाग उंच धरायचा, राखीव किंमत सांगायची, बोली चढेल तशी पुकारायची आणि शेवटी टेबलावर हातोडी मारायची. आलेल्या पैशातून कर्ज आणि व्याज वळतं करून जे उरेल ते कर्जदाराला परत द्यायचं, हा नियम. नियमात खोट काढायला जागा नव्हती. अडचण एवढीच, की उरायचं काहीच नाही.

राखीव किंमत ठेवलेली असायची जेमतेम कर्ज भागेल एवढी. खरी किंमत बोलीत निघेल, असा त्यामागचा विचार. पण बोली निघायला तोंडं उघडावी लागतात. कल्याण, कळवा, उल्हासनगर, ठाणे इथले सात-आठ सराफ समोर बसलेले. त्यातला एकजण राखीव किमतीवर चिमूटभर चढवायचा, दुसरा आणखी चिमूटभर, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतले कल्याणचे भाऊ वेदक चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागायचे. भाऊंनी चष्मा पुसायला घेतला की सभागृह गार. बाहेर सोन्याचा भाव ऐकून लग्नघरांना घाम फुटत होता, आणि इथे त्याच सोन्याला कुणी विचारत नव्हतं.

पहिल्या दोन लिलावांत मृणालला वाटलं, म्हातारा माणूस आहे, डोळ्यांना पाणी येत असेल. तिसऱ्या लिलावात ती डागाकडे बघायचं सोडून चष्म्याकडे बघायला लागली.

हे बघणं तिचं तिलाच आवडत नव्हतं. कारण भाऊ वेदक म्हणजे तिच्या घरातलं जवळजवळ देवाच्या खालोखालचं नाव. ती शाळेत असताना तिचे बाबा आजारी पडले, कारखाना आधीच बंद पडलेला, आणि विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या त्या घरातून आईची काळी पोत आणि सोन्याच्या पाटल्या ह्याच पतपेढीत आल्या. आल्या त्या सुटल्याच नाहीत. लिलाव झाला. दुसऱ्या दिवशी भाऊंनी आईला निरोप धाडला, की मंगळसूत्र माझ्याकडे आहे, घेतलं त्याच किमतीला परत देईन, जमेल तसे पैसे आणून द्या. ही त्यांची रीत त्याच्याही आधीपासूनची. मंगळसूत्रांचे डाग सगळ्यांत शेवटी पुकारायचे, त्यावर दुसऱ्या कुणी बोली लावायची नाही, भाऊंनी ते राखीव किमतीला घ्यायचं आणि एक पैसाही नफा न ठेवता बाईला परत करायचं. कळव्यापासून बदलापूरपर्यंत कितीतरी बायकांच्या गळ्यात भाऊंमुळे पोत होती. आता मुलगी पतपेढीत साहेब झाल्यावर प्रत्येक लिलावानंतर ती भाऊंचा हात धरून त्यांना जिना उतरवून द्यायची, आणि भाऊ प्रत्येक वेळी विचारायचे, "आई बरी आहे ना गं?"

अशा माणसाच्या चष्म्यावर संशय घ्यायचा, म्हणजे कुठेतरी आपणच हलके आहोत, असं तिला वाटायचं. आणि तरी संशय जाईना. बाकीच्यांवर तर तिने कधीच घेऊन टाकला होता. मुकुल साहेब लिलावाच्या आधी भाऊंच्या कानाशी काय बोलतात? कळव्याचा सराफ सगळा वेळ फोन उपडा का ठेवतो? ठाण्याचा अपूर्व, सगळ्यांत तरुण, जीन्सवर येणारा, तो दर वेळी एकच डाग घेतो आणि उरलेला वेळ छताकडे काय बघतो? तिला शिऱ्याचासुद्धा संशय यायला लागला होता.

एका रविवारी वर्तकनगरच्या आताच्या घरी आई पालक निवडत बसली होती. मृणालने सहज विचारल्यासारखं केलं, "आई, पाटल्यांचं काय झालं गं तेव्हा?"

"गेल्या," आई म्हणाली.

"वजनदार होत्या ना?"

"आजीच्या होत्या. जड होत्या चांगल्या."

"मग त्यांचे वरचे पैसे मिळाले असतील की आपल्याला. कर्ज वजा जाता."

आईने पालकाची काडी मोडली. "कसले वरचे पैसे? काही उरलं नाही म्हणाले. पोतीसाठी मी वर्षभर साड्यांना फॉल लावून भाऊंचे पैसे फेडले." मग मुलीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज चढला. "तुझ्या बाबांच्या शेवटच्या दिवसांत माझा गळा मोकळा नव्हता, तो त्या माणसामुळे. पोत परत केली ना त्यांनी? मग पाटल्यांचं काय घेऊन बसलीस?"

मृणालने विषय सोडला. पण पाटल्या तिच्या डोक्यातून गेल्या नाहीत.

पुढच्या लिलावानंतर भाऊ चष्म्याची डबी खुर्चीवर विसरून गेले. मृणालने ती पर्समध्ये टाकली आणि संध्याकाळी मुद्दाम कल्याणला जाऊन टिळक चौकाकडच्या त्यांच्या पेढीवर गेली. काउंटरवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होते. लिलावाचे आवाज तिला झोपेतही ओळखू आले असते. कुणीतरी पुकारत होतं, "चार नंबर, चपला हार, बोला." आणि सकाळी ज्यांच्या तोंडात शिऱ्याशिवाय काही हललं नव्हतं, ती सगळी तोंडं एकावर एक चढत होती. चपला हार सकाळी राखीव किमतीच्या जरा वर भाऊंच्याच नावावर गेला होता. इथे तो कळव्याच्या सराफाने बाजारभावाला घेतला. "वरचे सगळ्यांत वाटा," कुणीतरी म्हणालं, आणि हसणं झालं.

म्हणजे लिलाव होत होता. चांगला चुरशीचा होत होता. फक्त तो पतपेढीत न होता इथे होत होता, आणि वरचे पैसे चपला हाराच्या मालकिणीऐवजी ह्या खोलीत वाटले जात होते. मृणालला राग आला, आणि रागाच्या आधी लाज वाटली, चोरून ऐकल्याची. तिने डबी काउंटरवर ठेवली आणि ती स्टेशनकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने मुकुल साहेबांना सांगून बघितलं. त्यांनी खुर्ची मागे रेलवली. "मॅडम, आपला माल उठतो की नाही? आपलं कर्ज वसूल होतं की नाही? बाहेर जाऊन ते काय करतात ते आपण कशाला बघायचं? आणि हे लोक यायचे बंद झाले तर तुम्ही आणणार का गिऱ्हाईक?"

"जे उरायला पाहिजे ते कर्जदारांना मिळत नाहीये, सर."

"कर्जदाराची तक्रार आहे का?"

तक्रार कशी असणार? आपलं काय गेलं हेच ज्याला माहीत नाही, तो तक्रार कसली करणार. मृणालने तिची मैत्रीण ऋजुता हिला फोन लावला. ऋजुता ठाण्याच्या कोर्टात वकिली करायची आणि शाळेपासून मृणालची प्रत्येक अडचण तिच्याकडेच जायची.

"अगं, हे तर सरळसरळ बोलीतलं संगनमत झालं," ऋजुता म्हणाली. "स्पर्धा कायद्यात बसतं. लिहून दिलेला करार लागत नाही, डोळ्याने खूण करून ठरवलेलं पण चालतं. दंड असा बसतो की पेढ्या हलतील."

"आणि सिद्ध कोण करणार? मी दाराबाहेरून आवाज ऐकलेत फक्त."

"म्हणून तर कायद्याने गंमत ठेवलीय. ह्यांच्यातला जो पहिला जाऊन स्पर्धा आयोगापुढे सगळं खरं सांगेल, पुराव्यासकट, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. दुसऱ्याला कमी सूट, तिसऱ्याला अजून कमी. शेवटच्याला काही नाही."

"म्हणजे चुगलीला बक्षीस."

"म्हणजे एकमेकांवरचा भरवसा संपला की यांचं दुकान बंद. तुला काही सिद्ध करायला नको. फक्त हे त्यांच्या कानावर जाऊ दे."

मृणालला ते पटलं. आता संशय तिने एकटीने कशाला वाहायचा? थोडा त्यांनाही द्यावा.

सगळं सरळ झालं असतं, पण मधे नीला आली. नीला कळव्याची, घरून पोळीभाजीचे डबे द्यायची, नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. तिचं मंगळसूत्र येत्या लिलावात होतं. ती काउंटरशी वाकून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माझी भिशी पुढच्या महिन्यात लागणारय. तेवढ्यासाठी राहिलं बघा. भाऊ घेतील ना? कळव्यात सगळ्या बोलतात, मंगळसूत्र भाऊ परत देतात."

"देतात," मृणाल म्हणाली.

"मग मी टेन्शन नको घेऊ ना?"

मृणालने मान हलवली, आणि नीला गेल्यावर आपण काय कबूल केलं ते तिच्या लक्षात आलं. गप्प बसायची ही रीत मोडली तर मंगळसूत्रावरचं गप्प बसणंही मोडणार. नीलाच्या पोतीवरही बोली चढणार. आणि रीत नाही मोडली तर उरलेल्या पंधरा-वीस घरांचे पैसे पुन्हा टिळक चौकातल्या त्या खोलीत जाणार. भाऊ मंगळसूत्रासाठी तरी शब्द पाळतील, असं ती स्वतःला समजावत राहिली, आणि ज्या माणसावर विश्वास उरला नाही त्याच्याच भरवशावर आपण आहोत हे तिला टोचत राहिलं.

लिलावाच्या दिवशी शिरा नेहमीसारखा फिरला. भाऊ पहिल्या रांगेत, अपूर्व छताकडे बघत त्याच्या जागी, नीला अगदी मागे, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन. लिलावाच्या अटी सुरुवातीला वाचायच्या असतात आणि त्या कधीच कुणी ऐकत नाही. मृणालने त्या नेहमीच्या सुरात वाचल्या. सराफ बशा खरवडत होते. मग सूर न बदलता तिने पुढचं वाचलं. बोली लावणाऱ्यांनी आपसात ठरवून बोली कमी ठेवणं कायद्याने मना आहे आणि त्याला दंड बसतो. एकमेकांच्या खुणेवरून गप्प बसणं हेही त्यातच येतं. अशांपैकी जो पहिला पुढे येऊन खरं सांगेल त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो, मागाहून येणाऱ्यांना कमी सूट, शेवटच्याला काही नाही.

चमचे थांबले. कळव्याच्या सराफाने विचारलं, "हे आजच काय काढलं, मॅडम?"

"कारण आहे," मृणाल म्हणाली आणि कागद घडी करून ठेवला.

एवढे दोन शब्द पुरले. तिने कुणाकडे बघितलं नाही, तेच एकमेकांकडे बघायला लागले. कोण बोललं? उल्हासनगरवाल्याने कळव्याकडे पाहिलं, कळव्याने अपूर्वकडे, आणि अपूर्वने पहिल्यांदाच छत सोडून खाली पाहिलं. मुकुल साहेब उठून उगाच खिडकी उघडायला गेले.

पहिला डाग होता तोडे. नेहमीसारखी चिमूटभर बोली झाली. भाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याचं टोक हातात घेतलं आणि पुसायला लागले. मृणालने तीच बोली पुन्हा पुकारली. सगळ्यांना चष्मा दिसला होता, पण चष्म्याकडे आपण बघितलं हे दुसऱ्याने बघितलं तर काय, ही धास्ती प्रत्येकाच्या मानेत शिरली होती. कुणी भिंतीकडे बघत होतं, कुणी पायांकडे. आणि मागून अपूर्वने हात वर केला. मग कळव्याने. मग तिघांनी एकदम. गप्प बसणाऱ्यावर आळ येणार होता, त्यामुळे कुणाला गप्प बसवेना. तोडे गेले ते बाजारभावाला भिडून. मागच्या खुर्चीवरचा एक माणूस, त्या तोड्यांचा मालक असावा, हळूहळू ताठ बसला.

नंतरचे डाग तसेच गेले. भाऊंनी चष्मा डोळ्यांवर ठेवला तो पुन्हा काढला नाही. मृणालला आतून आनंद होत होता, अगदी उघड, लहान मुलीसारखा. पण एकेक डाग संपत होता आणि शेवटचा जवळ येत होता.

नीलाचं मंगळसूत्र तिने उचललं तेव्हा सभागृहात पूर्वीची शांतता पसरली. ह्या शांततेची सगळ्यांना सवय होती आणि तिच्यात काही पाप आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मृणालने राखीव किंमत सांगितली आणि भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान डोलावली. एक क्षण तिला वाटलं, निभावलं.

"चढवतो मी," कळव्याचा सराफ म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला होता. त्याला ते मंगळसूत्र नको होतं हे कुणालाही कळलं असतं. पण आज एका जरी डागावर गप्प राहिलो आणि उद्या कुणी जाऊन सांगितलं तर, ही भीती मोठी होती. त्याने चढवलं म्हणून उल्हासनगरवाल्याने चढवलं, मग अपूर्वने. बोली पायरी पायरी वर जात राहिली. मृणाल पुकारत होती, कारण पुकारणं तिचं काम होतं. मागे नीला उभी राहिली होती. ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त मृणालकडे बघत राहिली, आणि मृणालला हातोडी खाली ठेवून पळून जावंसं वाटलं.

तेव्हा भाऊंनी हात वर केला. मंगळसूत्रावर भाऊंनी आजवर कधी चढी बोली लावली नव्हती. त्यांनी एकदम बाजारभाव सांगितला, खणखणीत आवाजात, आणि मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. त्यावर कुणी चढलं नाही. त्यावर चढण्यात नफाच नव्हता. मृणालने हातोडी मारली.

भाऊ उठून मागे गेले आणि नीलाला म्हणाले, "घाबरू नकोस. तुझं तुलाच द्यायचंय. कर्ज वळतं होऊन वरचे पैसे पतपेढी तुला देईल, ते मला दे. राहिलेले भिशी लागली की दे." नीला त्यांच्या पाया पडली. दोन-तीन सराफांनी डोळे टिपले. अपूर्व मात्र मृणालच्या टेबलापाशी घुटमळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ते पहिल्याचं... कोणी ऑलरेडी गेलंय का?" तो हलला नाही तोच उल्हासनगरवाला येऊन तेच विचारून गेला.

सभागृह रिकामं झालं. भाऊ नेहमीप्रमाणे तिच्या हातासाठी थांबले होते. मृणाल अजून टेबलामागेच होती. भाऊ नीलाला जे म्हणाले ते ती मनात पुन्हा पुन्हा फिरवत होती. वरचे पैसे नीलालाच मिळणार. ते ती भाऊंना देणार. म्हणजे नीलाला आजही तेवढेच पैसे भरावे लागणार होते, जेवढे गप्प बसून लिलाव झाला असता तर भरावे लागले असते. एक रुपया जास्त नाही. बोली कितीही चढली असती तरी मंगळसूत्र असंच परत देता आलं असतं, पहिल्या दिवसापासून. त्यासाठी कुणी गप्प बसायची गरज कधीच नव्हती.

"मग गप्प कशासाठी बसवायचात, भाऊ?" तिने विचारलं.

भाऊंना प्रश्न कळला. "सुरुवात मंगळसूत्रापासूनच झाली होती," ते म्हणाले. "सगळ्यांना गप्प बसवता येतं, हे मला तेव्हा कळलं."

"आईच्या पोतीच्याच दिवशी तिच्या पाटल्याही होत्या."

"असतील."

"त्या खऱ्या भावाला गेल्या असत्या तर वरच्या पैशांतच पोत सुटली असती. आईला वर्षभर फॉल लावत बसावं लागलं नसतं. तुमचे उपकारही लागले नसते." तिचा आवाज फाटला आणि तो लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

भाऊंनी चष्मा काढला. हातात सदऱ्याचं टोक घेतलं, आणि तसेच थांबले. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि खूप म्हातारे दिसत होते. "पोत परत केली ना मी, मृणाल?" ते म्हणाले. त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच वाटत होतं, की हे उत्तर आहे.

घरी आई हेच म्हणणार होती, ह्याच शब्दांत. मृणालला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांचा हात धरावा असंही वाटलं, दोन्ही एकदम. तिने टेबलावरची हातोडी उचलून खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

भाऊ जरा वेळ थांबले. मग एकटेच जिन्याकडे गेले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले. मृणाल जागची हलली नाही. पावलं तळमजल्यावर पोचून रस्त्याच्या आवाजात मिसळेपर्यंत ती ऐकत उभी राहिली.